देवचार, शब्द आणि व्यक्ती : ख्रिस्ती सिद्धान्ताची उसनी परिभाषा व तिचे मराठी रूपान्तर

बंगळूर शहराच्या वायव्येस, मल्लेश्वरमचा पश्चिम भाग जेथे यशवंतपूरला भिडतो त्या परिसरात, सेंट पीटर्स पाँटिफिकल सेमिनरी ही कॅथलिक पुरोहितांचे शिक्षण देणारी संस्था आहे. अशा संस्थांतील अध्ययनाचा क्रम जगभर सामान्यतः एकच असतो. आधी तत्त्वज्ञान, आणि त्यानंतर धर्मविद्या. देहधारण, त्रैक्य, सृष्टीची उत्पत्ती, आत्म्याची अंतिम गती या सिद्धान्तांचे रीतसर अध्ययन करण्यापूर्वी विद्यार्थ्याला प्लेटो व ॲरिस्टॉटल यांच्याशी परिचय करून घ्यावा लागतो. भारतात त्यांच्या जोडीला दर्शनांचाही अभ्यास येतो. हा क्रम वरवर पाहता अध्यापनाच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः तो एका जुन्या इतिहासाचा अवशेष होय. पहिल्या चार शतकांत ख्रिस्ती मत ज्या परिभाषेत मांडले गेले ती ख्रिस्ती नव्हती, आणि ती परिभाषा अवगत नसलेल्याला सिद्धान्तही नीट कळत नाही, याची ती अभावितपणे दिलेली कबुलीच आहे.

ख्रिस्ती सिद्धान्तावर पूर्ववर्ती धर्मांचा व दर्शनांचा प्रभाव किती, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. 'सगळे उसने आहे' असे म्हणणारा एक पक्ष आणि 'सारभूत असे काहीच उसने नाही' असे म्हणणारा दुसरा, असे त्याचे ठरीव स्वरूप. मराठीच्या अभ्यासकाला या वादात शिरण्याची एक वेगळी वाट उपलब्ध आहे. जे ग्रीक भाषेत पहिल्या ते चौथ्या शतकात घडले तेच मराठीत सतराव्या शतकापासून पुन्हा घडले, आणि या दुसऱ्या प्रयोगाची कागदपत्रे आपल्या हाताशी आहेत. त्यांपैकी सर्वांत मोठे म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. योगायोग असा, की या ग्रंथाची अर्वाचीन मराठी गद्यानुवादासह सिद्ध झालेली आवृत्ती फादर नेल्सन फालकाव यांनी २००९ साली बंगळूरमधूनच प्रसिद्ध केली. या ग्रंथाच्या आधाराने पाहिले असता असे दिसते, की प्रभावाचा खरा प्रश्न कल्पनांच्या उसनवारीचा नसून शब्दांच्या उसनवारीचा आहे. शब्द रिकामा येत नाही. तो आपला पूर्वार्थ बरोबर घेऊन येतो, आणि पुढचा सगळा सिद्धान्तेतिहास बव्हंशी त्या पूर्वार्थाला कुंपण घालण्याच्या खटपटीचा इतिहास ठरतो.

स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट. १५७९ साली तो गोव्यात आला आणि आयुष्याचा पुढचा बहुतेक काळ त्याने साष्टीत घालविला. त्याचे पुराण १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा छापले गेले, परंतु या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध असल्याचे ज्ञात नाही. हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे काढलेली आवृत्ती आणि शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली पुण्याहून काढलेली देवनागरी आवृत्ती, यांच्यामुळे हा सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ मराठी वाचकाच्या दृष्टिपथात आला. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. ग्रंथनिर्मितीचे निमित्त ग्रंथातच सूचित केले आहे. जुनी पुराणे हातची गेली, मग त्यांच्या जागी आम्ही काय वाचावे, हा नवख्रिस्ती श्रोत्याचा प्रश्न. पुराण हा रचनाप्रकार, ओवी हा छंद आणि गुरुशिष्य-संवादाची चौकट या तीन गोष्टी त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आल्या.

या ग्रंथातील एका शब्दावर थोडे रेंगाळणे उपयुक्त ठरेल. सैतान व त्याचे अनुचर यांच्यासाठी स्टीफन्स 'देवचार' हा शब्द योजतो. कोकणात व गोव्यात देवचार हा गावाचा राखणदार. तो रात्री सीमेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवितो, मान राखला नाही तर कोपतो. त्याची जागा ठरलेली असते आणि त्याला वेळोवेळी काही अर्पण करावे लागते. तो पूर्ण देव नव्हे आणि भूतही नव्हे. माणूस व दैवत यांच्या मधल्या पायरीवरची ती शक्ती आहे. ख्रिस्तपुराणात व तदनंतरच्या ख्रिस्ती कोकणीत हाच शब्द निखळ दुष्टतेचा वाचक झाला.

ग्रीक भाषेत 'दायमोन' या शब्दाचे नेमके असेच झाले होते. ग्रीकांचा दायमोन हा देव व मानव यांच्या मधला. प्लेटोच्या संवादांत तो मध्यस्थ म्हणून येतो, सॉक्रेटिसला आतून अडविणारा संकेतही त्याच कुळातला. प्लूटार्कने या मधल्या शक्तींची सविस्तर मीमांसा केली आहे. हिब्रू धर्मग्रंथांचे ग्रीक भाषान्तर झाले तेव्हा एका स्तोत्रात परराष्ट्रांच्या दैवतांना हिब्रूत जेथे 'निरर्थक, पोकळ वस्तू' अशा अर्थाचा शब्द होता, तेथे भाषान्तरकारांनी 'दायमोनिया' हा शब्द घातला. मूळ हिब्रू लेखकाच्या दृष्टीने ती दैवते काहीच नव्हती. भाषान्तराने त्यांना अस्तित्व दिले, मात्र दुष्ट अस्तित्व दिले. पॉलने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात हीच भूमिका घेतली, आणि दुसऱ्या शतकात जस्टिनने तिच्यावर मूर्तिपूजेची एक संपूर्ण उपपत्ती उभारली. लोक ज्यांना देव म्हणून भजतात ते खरोखरच आहेत, पण ते दायमोन आहेत. एका भाषान्तरकाराच्या शब्दनिवडीतून सिद्धान्ताचा एक मोठा विभाग उद्भवला असे म्हणणे फारसे अतिशयोक्त होणार नाही.

येथे इराणी धर्माचाही विचार करावा लागतो. बाबिलोनच्या निर्वासनानंतरच्या यहुदी वाङ्मयात देवदूतांची श्रेणी, परमेश्वराचा प्रतिस्पर्धी असा सैतान, मृतांचे पुनरुत्थान आणि अंतिम न्याय या कल्पना ठळक होत जातात, आणि त्या काळात यहुदी समाज इराणी साम्राज्याच्या छत्राखाली होता. संबंध संभवनीय आहे. परंतु अवेस्ताची आज उपलब्ध असलेली संहिता फार उशिरा लिपिबद्ध झाल्यामुळे कोणी कोणाकडून किती घेतले याचा हिशेब काटेकोरपणे मांडता येत नाही. मिथ्र-उपासनेच्या बाबतीत तर गेल्या शतकातील कित्येक लेखकांनी उत्साहाच्या भरात मर्यादा ओलांडली. रोमन मिथ्रपंथाचा पुरावा प्रामुख्याने पहिल्या शतकाच्या अखेरीपासून पुढचा आहे, तेव्हा पॉलच्या पत्रांतील बाप्तिस्मा व प्रभुभोजन यांचा उगम तेथे शोधणे कालदृष्ट्या अवघड. यहुदी स्नानविधी व वल्हांडणाचे भोजन ही जवळची मुळे हाताशी असताना ते अनावश्यकही आहे. साम्य दिसले की ऋण सिद्ध झाले, हा मोह मोठ्या पंडितांनाही आवरलेला नाही. १९१३ सालच्या वैष्णव-शैव पंथांवरील ग्रंथात रा. गो. भांडारकरांनी अभीरांनी बालदेवाच्या उपासनेबरोबर ख्रिस्ताचे नावही आणले असावे व त्यातून वासुदेव-कृष्णाशी त्याचे तादात्म्य झाले असावे असा तर्क केला होता. तो पुढे टिकला नाही. दिशा उलटी, पण चूक तीच.

जेथे ऋण निर्विवाद आहे ते स्थळ म्हणजे योहानकृत शुभवर्तमानाचा आरंभ. तेथील 'लोगोस' या शब्दात निदान दोन प्रवाह येऊन मिळतात. एक हिब्रू. परमेश्वर बोलतो आणि सृष्टी होते. त्याचा उच्चार हीच कृती. त्याला लागूनच यहुदी प्रज्ञावाङ्मयातील, सृष्टीच्या आरंभी ईश्वराजवळ असलेली 'प्रज्ञा' ही व्यक्तिरूप कल्पना. दुसरा प्रवाह ग्रीक. हेराक्लिटसपासून स्टोइकांपर्यंत लोगोस म्हणजे विश्वात अनुस्यूत असलेली विवेकमय व्यवस्था. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वचिंतक फिलो, जो येशूचा जवळजवळ समकालीन होता, त्याने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणून लोगोसला ईश्वर व जग यांमधील मध्यस्थ केले. योहानाने फिलो वाचला होता की नाही हा प्रश्न गौण आहे. शब्द त्या वातावरणात होता आणि त्याच्या अंगावर दोन्ही अर्थ होते. जस्टिनने पुढे याचा फार मोठा उपयोग केला. तत्त्वचिंतकाचा झगा न उतरविता ख्रिस्ती झालेला हा गृहस्थ सांगे, की लोगोसचे बीज सर्व मानवांत विखुरलेले आहे, म्हणून विवेकाने जगलेला सॉक्रेटिस एका अर्थी ख्रिस्तीच होय. अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने तत्त्वज्ञानाला ग्रीकांना ख्रिस्ताकडे नेणाऱ्या बालशिक्षकाची जागा दिली. बुद्धाचा नामनिर्देश करणाऱ्या प्रारंभीच्या ख्रिस्ती लेखकांत तो आहे, हेही भारतीय वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे.

लॅटिनमध्ये या शब्दाने पहिली अडचण उभी केली. लोगोसमधील विवेक घ्यावा की उच्चार घ्यावा? टर्टुलियन या पेचाची जाणीव असणारा. त्याच्या काळी उच्चाराचा पक्ष जिंकत आला होता, आणि लॅटिन बायबलात अखेर 'शब्द' याच अर्थाचे पद स्थिर झाले. मराठी बायबलानेही 'शब्द' हेच पद स्वीकारले. लॅटिनचा तोटा मराठीला झालाच, विवेक वा ऋत ही अर्थच्छटा गळाली. परंतु मराठीला एक लाभ असा झाला की ज्याची लॅटिनला कल्पनाही नव्हती. भर्तृहरीच्या शब्दब्रह्माची परंपरा या भाषेच्या पाठीशी होती. ज्ञानेश्वरीच्या आरंभीच वाङ्मयरूप गणेशाचे स्तवन येते. तेव्हा ज्ञानेश्वरी ऐकलेल्या मराठी श्रोत्याच्या कानी आरंभीच्या 'शब्दा'ची वार्ता पडली तर ती त्याला परकी वाटण्याचे कारण नव्हते. भय उलट दिशेचे होते. ती फार ओळखीची वाटण्याचे. शब्दब्रह्मातून विश्व विवर्तरूपाने प्रकटते. योहानाचा शब्द देही होतो, आणि तो एकदाच. हे कुंपण मराठी पदात कोठेच नाही. ते प्रवचनकाराला बाहेरून घालावे लागते.

म्हणूनच काही शब्द मुळी उतरवायचेच नाहीत असे धोरण दोन्हीकडे दिसते. स्टीफन्सने स्वर्गासाठी 'वैकुंठ' निःसंकोच घेतले, परंतु पवित्र आत्मा, बाप्तिस्मा, ख्रिस्तमंडळी यांच्यासाठी त्याने लॅटिन-पोर्तुगीज शब्दच ओव्यांत बसविले. लॅटिन ख्रिस्ती लेखकांनीही बाप्तिस्मा व ख्रिस्तसभा यांची ग्रीक नावे तशीच ठेवली होती. जेथे चूक परवडते तेथे देशी शब्द, जेथे परवडत नाही तेथे परकी, अशी ही विभागणी आहे. वैकुंठाला परवडत होते; पेत्राच्या दुसऱ्या पत्रात पतित देवदूतांना ग्रीक पुराणकथेतील 'तार्तारोस'मध्ये लोटल्याचा अर्थ देणारे क्रियापद येते, तेही तसेच परवडले होते.

दोन प्रयोगांतील एक भेद मात्र झाकता येणार नाही. जस्टिन हा सत्ताहीन पंथाचा माणूस होता; साम्राज्याची भाषा त्याने आपल्या बचावासाठी वापरली आणि शेवटी रोममध्ये त्याला देहान्त शिक्षा झाली. साष्टीत देवळे सोळाव्या शतकातच पाडली गेली होती, आणि स्टीफन्स ज्या सत्तेच्या छायेत लिहीत होता तिनेच ती पाडली होती. तेथे जितांचा शब्द जेत्याच्या धर्मात आणला जात होता. ख्रिस्तपुराणाचे वाङ्मयीन मोल यामुळे उणे होत नाही. परंतु 'देवचार' या शब्दाचे अर्थान्तर हे केवळ भाषिक घटित नव्हते, एवढे तरी समजून घ्यावे लागते.

शब्दाचा पूर्वार्थ सिद्धान्तालाच कसा वेठीस धरतो हे चौथ्या शतकात कळले. एरियसच्या पक्षाचे म्हणणे असे, की पुत्र हा श्रेष्ठ खरा, पण निर्मित. आधार म्हणून पुढे केलेले वचन नीतिसूत्रांतील प्रज्ञेच्या मुखी असलेले, आणि तेथे हिब्रू क्रियापद 'प्राप्त करणे' याकडे झुकणारे असून ग्रीक भाषान्तरात मात्र 'निर्माण करणे' या अर्थाचे होते. पुन्हा एकदा वादाच्या मुळाशी भाषान्तरकार! ३२५ साली नायसिया येथे भरलेल्या परिषदेने उत्तर म्हणून 'होमोऊसियोस', म्हणजे एकाच सत्त्वाचा, हा शब्द स्वीकारला. तो बायबलात नाही. त्याहून विलक्षण असे, की नॉस्टिक पंथीयांनी तो आधी वापरलेला होता, आणि २६८ साली अँटिओक येथे पॉल ऑफ समोसाटा याच्या प्रकरणात तो त्याज्य ठरला होता असे परंपरा सांगते. नायसियाच्या निर्णयपत्रात 'ऊसिया' व 'हिपोस्टासिस' हे शब्द समानार्थी आले. पुढे कॅपाडोशियाच्या आचार्यांनी 'एक ऊसिया, तीन हिपोस्टासिस' हे सूत्र रूढ केले. दोन शब्दांमध्ये भेद नव्हता तो करण्यात आला, आणि मग तो सनातन सत्य म्हणून शिकविला गेला. लॅटिनमध्ये हिपोस्टासिसच्या जागी 'पर्सोना' आला. त्याचे पूर्वायुष्य नाटकातील मुखवट्याचे आणि पुढे कायद्याच्या परिभाषेतले. मराठीत 'व्यक्ती' आली, आणि व्यक्ती म्हणजे तर स्वतंत्र माणूस. तीन व्यक्ती म्हटल्यावर मराठी ऐकणाऱ्याला तीन देव दिसतात, यात त्याचा दोष नाही.

हा पेच ज्यांनी प्रत्यक्ष जगून पाहिला त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रगण्य आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर चेल्टनहॅम येथे असताना सिस्टर जेराल्डिन व मिस डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो अ. भि. शहा यांनी संपादित केलेल्या १९७७ सालच्या संग्रहात वाचावयास मिळतो. अथनेशियसच्या नावाने चालत आलेल्या, वस्तुतः नंतरच्या व लॅटिन असलेल्या, मतसूत्राला संमती देण्यास रमाबाई तयार नव्हत्या. येशूच्या वचनांत जे नाही ते परिषदांच्या अधिकाराने आपण का मानावे, हा त्यांच्या विरोधाचा गाभा. सर्व अनिष्टे भोगून अनेक देवांकडून एका देवाकडे आलेल्या बाईला 'तीन' या संख्येचे भय वाटावे हे समजण्यासारखे आहे. कॉन्व्हेंटमधील मंडळींना यात अहंकार दिसला. १८८६ पासून जर्मनीत अडोल्फ हार्नाक हा ख्रिस्ती सिद्धान्त म्हणजे शुभवर्तमानाच्या भूमीवर ग्रीक बुद्धीने उभारलेली रचना असे प्रतिपादणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध करू लागला. रमाबाईंजवळ हार्नाकची सामग्री नव्हती. पण शास्त्र्याच्या घरी संस्कृतात वाढलेल्या त्या विदुषीला श्रुती कोणती आणि भाष्य कोणते हे ओळखण्याची सवय होती. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नको, हा त्यांचा प्रश्नही याच पत्रव्यवहारात येतो. तो पोरकट हट्ट नव्हता. लॅटिनही एके काळी मूर्तिपूजकांचीच भाषा होती, हे त्यामागचे न उच्चारलेले अनुमान होते.

रमाबाईंच्या वाटचालीत ज्यांचा हात होता ते नेहेम्या, म्हणजेच पूर्वाश्रमीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, यांनी मात्र परिषदांचा निर्णय मनःपूर्वक स्वीकारला होता. १८४८ साली जौनपूर येथे ख्रिस्ती झालेल्या या चित्पावन पंडिताच्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात भारतीय दर्शनांचे खंडन आहे. त्यांची सर्वांत मोठी अडचण उपादान कारणाची. नैयायिकांचे परमाणू नित्य, सांख्यांची प्रकृती नित्य, वेदान्त्यांचे ब्रह्म स्वतःच उपादान. जीव सगळ्यांच्याच मते अनादि. ईश्वराने काही नसताना सर्व केले, जीवही केला, या मताला दर्शनांत जागा नाही. हे निरीक्षण अचूक आहे. परंतु तीच जागा ग्रीक विचारातही नव्हती. जस्टिनने प्लेटोच्या धर्तीवर निराकार द्रव्यातून ईश्वराने जग घडविले असे खुशाल लिहिले, वर प्लेटोने ते मोशेपासून घेतले असेही सांगितले. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात अँटिओकचा थिओफिलस व इरेनियस यांनी नित्य द्रव्याची कल्पना नाकारून शून्यातून सृष्टी हा सिद्धान्त निश्चित केला. तेव्हा हा सिद्धान्त प्लेटोकडून घेतलेला नाही, आणि प्लेटो नसता तर त्याला हा आकारही आला नसता. विरोधातून पडणारा प्रभाव हा अनुकरणातून पडणाऱ्या प्रभावाइतकाच खोल असतो. गोऱ्हे यांचे सारे वेदान्तखंडन न्यायाच्या पद्धतीने चालते, हे त्याचे घरचे उदाहरण.

रमाबाईंनी उत्तरायुष्यात हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्तिसदनात बायबलचे मराठी भाषान्तर केले. प्रचलित मराठी बायबलातील संस्कृतप्रचुर, दर्शनांचा वास लागलेले शब्द त्यांना खुपत होते. साध्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. वेदान्ताची परिभाषा ज्यांना मुखोद्गत होती त्यांनीच ती वेचून बाहेर काढावी, हा टर्टुलियनी बाणा. टर्टुलियननेही अथेन्सशी नाते नाकारले होते, आणि त्याच वेळी आत्मा हा सूक्ष्म शरीरच होय हे स्टोइकांचे मत बाळगले होते. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी निवर्तल्या. संपूर्ण बायबल मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातून छापून १९२४ साली बाहेर पडले.

नारायण वामन टिळकांची वाट जस्टिनची होती. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीने अभंग व ओवी यांतून ख्रिस्ताला वारकऱ्यांच्या शब्दांत हाक मारली, आणि संतांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो ही त्याची श्रद्धा होती. स्टीफन्सप्रमाणेच ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहिण्यास त्याने आरंभ केला. १९१९ साली त्याच्या निधनाने 'ख्रिस्तायन' अकराव्या अध्यायात अडले, आणि ज्यांचे औपचारिक शिक्षण जवळजवळ झालेले नव्हते त्या लक्ष्मीबाईंनी उरलेले चौसष्ट अध्याय रचून ते पुरे केले. ग्रंथ १९३८ साली प्रसिद्ध झाला. गोव्यात मात्र त्या काळीही, आणि अद्यापि, एकाच गावात चर्चमध्ये जाणाऱ्याच्या तोंडी देवचार म्हणजे सैतान असतो आणि शेजारच्या वाड्यात त्याच देवचाराला राखणीसाठी रोट वाढला जातो.